पान एक्केचाळीसवरचं तोंड

वारणानगर, ९ जून २०२५

श्री. उदयसिंह चौगुले सर, राजारामपुरी, कोल्हापूर यांस,

धोंडीराम कांबळे, फिटर, साखर कारखान्याचं मिल हाऊस, याचा नमस्कार. फोन केला नाही, कारण फोनवर बोललेलं नंतर कुणी बोललेलं नसतं, आणि व्हॉट्सॲपवरचं पुसता येतं. म्हणून स्पीड पोस्टानं लिहितोय. याची झेरॉक्स माझ्याकडं आहे.

आमच्या बॉयलरवरच्या पिराजी साळोखेंची मुलगी तुमच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासला येते. तिच्या नोट्स गेल्या रविवारी माझ्या हातात पडल्या. पान ४१. मथळा: 'इंग्रजी जोडशब्दांचा नियम. संशोधक: प्रा. उदयसिंह चौगुले.' तुम्ही प्राध्यापक कधी झालात ते बाजूला ठेवू. खाली शब्द: झिगझॅग, पिंगपाँग, चिटचॅट, फ्लिपफ्लॉप, क्रिसक्रॉस, घड्याळाची टिकटॉक. त्याखाली नियम: आधी 'इ' येतो, मग 'ॲ' किंवा 'ऑ'. झॅगझिग कुणी म्हणत नाही, टॉकटिक कुणी म्हणत नाही. जबडा आधी मिटलेला असतो, मग उघडतो. त्याखाली तक्ता: 'इ' ला दातांतलं अंतर ५.२ मिलिमीटर, 'ॲ' ला १४.६, 'ऑ' ला १८.४. आणि तक्त्याखाली बारीक अक्षरात तळटीप: 'वरचा डावा दात तुटलेला असल्याने प्रत्येक मापातून १.५ मि.मी. वजा केले आहेत.'

सर, तुमचे दात मी पाचवीपासून बघतोय. सगळे जागच्या जागी आहेत. १९९६ च्या गाळपात पाना निसटून दात तुटला तो माझा. पान ४१ वर उघडलेलं तोंड माझं आहे.

आठवत नसेल तर आठवण करून देतो. जानेवारी २००३ मध्ये मी तुम्हाला राधानगरीच्या हायस्कूलच्या पत्त्यावर नऊ पानी पत्र लिहिलं. शब्द एकशे बारा, प्रत्येकाचं माप दहादा घेऊन सरासरी. वर्गात शेजारी बसलेला एकच माणूस इंग्रजीचा मास्तर झाला होता, म्हणून तुम्हाला लिहिलं. तुम्ही उत्तर पोस्टकार्डावर धाडलंत. ते आधी पोस्टमननं वाचलं, मग टाइम ऑफिसनं, मग मी. एकच ओळ होती: 'धोंडू, नटबोल्ट आवळ, इंग्रजी आवळू नको.' पुढची तीन वर्षं मिल हाऊसमध्ये मला 'काय कांबळे, आवळलं का इंग्रजी?' असं विचारत होते. दोघं तर रिटायर होईपर्यंत विचारत होते.

मागणी दोन. पान ४१ वर माझं नाव, आणि ती नऊ पानं परत. मुदत पंधरा दिवस.

धोंडीराम कांबळे


कोल्हापूर, १६ जून २०२५

प्रिय धोंडू,

तुझं पत्र वाचून हसावं का काळजी करावी ते कळेना. मर्दा, एवढ्या वर्षांनी आठवण काढलीस आणि ती अशी? स्पीड पोस्टानं? एक फोन केला असतास तर मिसळ खायला बोलावलं असतं.

ते नऊ पानी पत्र मला खरंच आठवत नाही. आलं असेलही. राधानगरीतलं माझं भाड्याचं घर आठवतं का तुला? जूनपासून गळायचं ते दिवाळीला थांबायचं. तिथल्या माझ्या निम्म्या कागदांचा लगदा झाला, त्यात माझी बी.एड.ची सर्टिफिकेटं पण गेली. पोस्टकार्डाचं म्हणशील तर तेव्हा आपण पोरसवदा होतो, चेष्टा केली असेल. एवढं मनाला लावून घ्यायचं असतंय व्हय?

नियमाचं काय असतं, तो हवेत असतो. एकाला सापडतो तसा दुसऱ्यालाही सापडतो. दाताचं ते टाइप करणाऱ्या पोराचं खुळ, मी बघतो. सप्टेंबरात पुस्तक येतंय, 'नादातून इंग्रजी'. तुझी एवढीच हौस असेल तर आभारात नाव टाकतो: 'तांत्रिक साहाय्य, धोंडीराम'. आणि मित्र म्हणून सांगतो, पुरावा असेल तर माणसानं भांडावं. तुझ्याकडं काही हाय का? न्हाय ना? मग रक्तदाब वाढवून घेऊ नको.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
उदय


वारणानगर, २० जून २०२५

चि. साक्षी, सप्रेम जयभीम.

हैदराबादच्या मेसचं जेवण आता सोसत असेल. तुझी आई आठ दिवस इथंच आहे. गुडघा सोडला तर बरी आहे.

सोबत दोन झेरॉक्स आहेत. पहिली माझ्या पत्राची, दुसरी उदयसिंहाच्या उत्तराची. 'तांत्रिक साहाय्य, धोंडीराम' हे तीनदा वाच. आडनावसुद्धा घालवेना त्याला.

तू भाषाशास्त्र शिकतेस म्हणून सगळं नीट सांगतो. २००२ चं गाळप. मिलचा रोलर अडकला होता आणि वर्कशॉपमधून माणसं यायची वाट बघत आम्ही दुपारभर बसलो होतो. माझ्या हातात आयटीआयचं जुनं पुस्तक होतं. त्यात पत्र्यावर दोन तऱ्हांनी रिव्हेट मारतात असं लिहिलंय, एक सरळ रांगेत आणि एक झिगझॅग. हे मी हजारदा वाचलं असेल. त्या दिवशी मनात आलं, झॅगझिग का नाही? म्हणून बघितलं तर जीभ अडखळली. मग दुसरे शब्द आठवले. शाळेत इंग्रजी भाषा हातात छडी घेऊन उभी असायची, आणि इथं ती लहान पोरांसारखी दोन दोन शब्द हाताला धरून खेळत होती. वॉकीटॉकीत एक अक्षर बदलून यमक जुळवते. बायबायमध्ये तेच पुन्हा म्हणते. पण झिगझॅगच्या जातीत तिला नियम आहे, आणि तो मोडायला ती तयार नाही. खिशात व्हर्निअर कॅलिपर होता. तो पुसून दातांत धरला आणि मापं घ्यायला लागलो. पिराजीला वाटलं माझी दाढ दुखतेय.

तुझं काम एकच. तुमच्या लायब्ररीत हा नियम कुणाच्या नावावर छापलाय का ते बघ. नसेल तर सप्टेंबरच्या आत तो माझ्या नावावर कुठं छापता येईल ते कळव. मला त्याचं पुस्तक बाहेर पडायच्या आधी ते त्याच्या तोंडावर मारायचं आहे.

तुझा मामा


हैदराबाद, २८ जून २०२५

आदरणीय मामा, सप्रेम जयभीम.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता सरळच लिहिते.

नियम छापलेला आहे. तुमच्या जन्माच्या आधीपासून. आमच्या पहिल्या सत्राच्या पुस्तकात आहे, त्याच्यावर वेगळे प्रबंध आहेत. 'इ', मग 'ॲ', मग 'ऑ', हाच क्रम. इंग्रजी शिकवणाऱ्या कुणालाही हे पाच मिनिटांत सापडलं असतं. चौगुले सरांनी पुस्तक उघडण्याचे कष्ट घेतले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

पण मामा, एक लक्षात घ्या. ती माणसं विद्यापीठात बसली होती, त्यांच्यापुढं हजार पुस्तकं होती. तुमच्यापुढं अडकलेला रोलर होता. तरी तुम्ही तिथंच पोचलात. आणि दोन गोष्टी तुमच्या अशा आहेत ज्या मी कुठंच वाचल्या नाहीत. एक म्हणजे कॅलिपर. दुसरी तुम्ही मला लहानपणी सांगायचा ती: इंग्रजी म्हणते टिपटॉप आणि आपण म्हणतो टापटीप. आपण ठाकठीक म्हणतो, घासाघीस म्हणतो, धामधूम म्हणतो. इंग्रज आधी तोंड मिटतो आणि मग उघडतो, मराठी माणूस आधी उघडतो आणि मग मिटतो. तेव्हा मी नुसती हसायचे. आता वर्गात बसून विचार करते तर हे सोपं नाही. त्या नऊ पानांत हे होतं का? असेल तर तेवढंच वेगळं लिहून काढू या, मी टाइप करते.

नाराज होऊ नका. औषध वेळेवर घ्या.

तुमची साक्षी


वारणानगर, १२ जुलै २०२५

चि. साक्षी, सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. बारा दिवस उत्तर दिलं नाही, कारण लिहायला बसवत नव्हतं. तेवीस वर्षं मी ज्याला माझं समजत होतो ते पहिल्या सत्राच्या पुस्तकात आहे, हे ठीक झालं. कळलं हे बरं झालं. टापटीपचं नंतर बघू. होतं ते नऊ पानांत, शेवटच्या दीड पानावर. उदयसिंहानं तेवढंच उचललं नाही. मराठी शब्दांना कोण फी देणार.

उदयसिंहाशी भांडण मिटवावं म्हणतोय. त्याच्या पुस्तकाच्या प्रकाशनाला त्याला मोठे पाहुणे हवे असणार. पत्र मिळताच फोनवर असं एखादं नाव सांग, ज्यांना हा विषय झोपेतसुद्धा येतो, जे मराठी आहेत आणि कोल्हापूरला येतील. त्याला मी कळवतो. माझ्याकडून भेट समजू दे.

तुझा मामा


वारणानगर, १५ जुलै २०२५

श्री. उदयसिंह चौगुले सर यांस,

नमस्कार. ९ जूनचं माझं पत्र मी या पत्रानं मागं घेतो. नीट आठवून बघितलं. सदर नियमाशी माझा काही संबंध नाही. तो आपण शोधला. हे मी राजीखुशीनं आणि शुद्धीवर असताना लिहून देतो, खाली सही आहे. आभारात माझं नाव घालू नये.

एवढं बोललोच आहे तर दोन सूचना. तक्त्याखालची दाताची तळटीप काढून टाकावी, ती पुस्तकात शोभत नाही. आणि नियम आत पान ४१ वर दडवून काय उपयोग? एवढी मोठी गोष्ट मुखपृष्ठावर पाहिजे, आपल्या नावानं. न्यूटनचा नियम असतो तसा.

माझी भाची हैदराबादला शिकते. तिच्या विभागातल्या डॉ. अनुजा इंगळे या विषयातल्या मोठ्या बाई आहेत, मूळच्या सांगलीच्या. प्रकाशनाला त्या आल्या तर पुस्तकाचं वजन वाढेल. पत्ता सोबत.

धोंडीराम कांबळे


कोल्हापूर, २१ जुलै २०२५

प्रिय धोंडू,

ह्याला म्हणतात मोठं मन. तुझं पत्र मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, असा मित्र सांभाळा. मी ते फाइलीला लावून ठेवलंय.

मुखपृष्ठाची कल्पना तर नादखुळा. आर्टिस्टला लगेच सांगितलं. 'उदयसिंह-सूत्र: जगात प्रथमच' असं लाल पट्टीत येणार. इंगळे बाईंना निमंत्रण पाठवलं, त्यांनी होकार कळवलाय. रविवार, १४ सप्टेंबर, सकाळी अकरा. माझ्या क्लासची सगळी मुलं, त्यांचे पालक आणि दोन-तीन संस्थाचालक येणार आहेत. यावर्षी एका कॉलेजात मला घ्यायचं चाललंय, त्यांच्यापुढं हे झालं तर काम होऊन जाईल. देवानं तुला अगदी वेळेवर सुबुद्धी दिली. तू देव मानत नाहीस ते माहीत आहे, पण म्हणतो आपला.

तिसऱ्या रांगेत तुझी खुर्ची. इस्त्रीचा शर्ट घालून ये.

तुझाच,
उदय


हैदराबाद, २५ ऑगस्ट २०२५

मामा, जयभीम.

आज मॅडमच्या टेबलावर निमंत्रणपत्रिका बघितली. तिच्यावर मुखपृष्ठ छापलंय. 'जगात प्रथमच.' मला आधी हसू आलं आणि मग तुमची पत्रं काढून पुन्हा वाचली.

मामा, तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत. नियम जुना आहे हे तुम्हाला जूनमध्ये कळलं आणि तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत. वर मला पाहुण्यांचं नाव विचारलंत. मला वाटलं तुम्ही माफ केलंत. मी आईला फोन करून सांगितलं सुद्धा, मामा किती मोठ्या मनाचे आहेत म्हणून.

तुमचा राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. ते पोस्टकार्ड मी विसरलेले नाही, घरात त्यावरून किती वर्षं कुणी हसायचं नाही हेही आठवतंय. पण त्या दिवशी मॅडम उभ्या राहून सांगतील की हे शिळं आहे, आणि दोनशे माणसं हसतील. ती कशाला हसतील? तुम्ही दुपारभर दातांत लोखंड धरून जे शोधलंत त्यालाच ना?

मी मॅडमना काही बोललेले नाही. ते तुम्ही सांगायचं की चौगुले सरांनी, ते तुम्ही ठरवा. अजून वीस दिवस आहेत.

साक्षी


वारणानगर, ३० ऑगस्ट २०२५

चि. साक्षी,

तुझा राग पोचला. तुझ्या आईला मी समजावतो.

तू म्हणतेस त्याचा मी विचार केला नसेल असं तुला वाटतं का? मी फिटर आहे. कुठला भाग काढला की कुठला निखळणार, हे काढायच्या आधी बघतो. नियम जाईल. तो तसाही माझा राहिलेला नाही, तूच सांगितलंस. जाता जाता उदयसिंहाला घेऊन गेला तर त्यानं माझं एक काम केलं असं समजेन.

तू माझा शाळेतला दाखला बघितला आहेस का? दहावीला इंग्रजीत त्र्याहत्तर. उदयसिंहाला एकोणसाठ. त्याच्या वडिलांनी त्याला कोल्हापूरला ठेवलं आणि माझ्या वडिलांनी मला आयटीआयला घातलं. यात कुणाची चूक नाही. पण त्यानं ते पोस्टकार्ड लिहिलं तेव्हा त्याला माझे त्र्याहत्तर ठाऊक होते. बंद पाकिटात लिहिता आलं असतं. त्यानं मुद्दाम कार्ड घेतलं.

तू येऊ नकोस. मध्ये पडू नकोस.

मामा


वारणानगर, १६ सप्टेंबर २०२५

चि. साक्षी, सप्रेम जयभीम.

झालं. क्रमानं सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून वेडंवाकडं ऐकायला नको.

सभागृहात खुर्च्या दोनशे ऐंशी, भरलेल्या साधारण दोनशे दहा. मी तिसऱ्या रांगेत, डावीकडून चौथा. उदयसिंहानं चाळीस मिनिटं भाषण केलं. 'मी' हा शब्द मोजायला लागलो आणि साठाच्या पुढं सोडून दिला. मुलांकडून झिगझॅग, पिंगपाँग ओरडून घेतलं. मुलांना मजा आली, हे खरं आहे.

मग तुझ्या मॅडम उठल्या. आवाज बारीक आहे त्यांचा. म्हणाल्या, पुस्तक रंजक आहे, मुलांना शब्दांचा नाद लागतोय हे फार चांगलं. मग म्हणाल्या, 'पण मुखपृष्ठावरची लाल पट्टी काढावी लागेल, सर. हा नियम आम्ही एम.ए.च्या पहिल्या वर्षी शिकवतो. माझ्या गुरूंनीही तो पुस्तकातूनच शिकवला होता.' बाई रागावल्या नव्हत्या. शाळेतल्या पोराच्या गणितातली चूक दाखवावी तसं म्हणाल्या. आधी मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं, मग ते हसू पुढं पुढं आलं. पहिल्या रांगेतल्या कॉलेजवाल्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि एकानं घड्याळ बघितलं. साक्षी, तेवीस वर्षांत मला एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं.

इथवर माझ्या हिशेबानं चाललं. पुढचं माझ्या हिशेबात नव्हतं.

उदयसिंह माइकपाशी आला. कपाळ पुसलं. म्हणाला, 'मॅडम, खरं सांगतो, हे माझं नव्हेच. आमच्या वारणेच्या कारखान्यात एक फिटर आहे, धोंडीराम कांबळे. त्यानं मला सगळं लिहून दिलं, मापंसुद्धा त्याचीच. मी साधा माणूस, विश्वास ठेवला. चूक त्याची आहे. तो बघा बसलाय तिसऱ्या रांगेत.' आणि बोट केलं.

दोनशे दहा माणसांनी वळून बघितलं.

तुझ्या मॅडम हसल्या नाहीत. खाली बघून पुस्तक उघडलं, पान ४१. मग म्हणाल्या, 'नियम सोडा हो. मला या तक्त्याचंच विचारायचं होतं. हे मिलिमीटर कुणी मोजले? कशानं मोजले? कांबळे, तुम्ही? केव्हा?' आवाजात चेष्टा नव्हती. पेनाचं टोपण काढून त्या उभ्या होत्या.

मी उठलो. तोंड उघडलं होतं. मग उदयसिंहाकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर आशा होती. मी हो म्हटलं असतं तर तो वाचला असता. चोर ठरला असता, पण खरं बोलणारा चोर.

मी म्हणालो, 'मॅडम, मला इंग्रजी येत नाही. मी फिटर आहे. सरांना मी कधी काही लिहून दिलेलं नाही. तसं माझ्या सहीचं पत्र सरांच्या फाइलीत आहे.'

सभागृहात मग कुणी हसलं नाही. नियम चोरीचा, आणि उघडा पडल्यावर गरिबाच्या अंगावर ढकलला. कॉलेजवाले चहाला थांबले नाहीत. मॅडमनी पेनाला टोपण लावलं. मी परतीची कोडोलीची एस.टी. धरली.

मला पश्चात्ताप नाही. विचारशील म्हणून आधीच लिहितो.

मामा


हैदराबाद, २२ सप्टेंबर २०२५

मामा, जयभीम.

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मॅडमनी मला बोलावलं. म्हणाल्या, तिसऱ्या रांगेतला तो माणूस खोटं बोलत होता, त्याचा एक दात तुटलेला होता आणि तक्त्याखालची तुटलेल्या दाताची तळटीप पुस्तकात पण तशीच राहिली आहे. मग विचारलं, 'कांबळे. तुझे कोण?' मी गप्प राहिले. मला गप्प राहता येत नाही हे त्यांना माहीत आहे.

त्यांना ती मापं पुन्हा करून घ्यायची आहेत, इथल्या मुलांकडून. लेखात पहिलं नाव तुमचं. आणि टापटीपचं मी सांगून टाकलं, मामा, राहवलं नाही. त्या खुर्चीत मागं रेलल्या आणि स्वतःशीच ठाकठीक, घासाघीस म्हणत बसल्या. म्हणाल्या, याचा कागद असेल तर तो बघायचा आहे, तारखेसकट. नसेल तर नुसता माणूस चालेल.

तुम्ही फक्त हो म्हणा.

साक्षी


कोल्हापूर, २७ सप्टेंबर २०२५

धोंडीराम,

कॉलेजचं गेलं. क्लासमधली निम्मी मुलं गेली. पालक तोंडावर काही बोलत नाहीत, फक्त येत नाहीत. तुला हेच हवं होतं, ते झालं.

आता ऐक. तुझ्या नऊ पानांचा लगदा झाला नव्हता. ती माझ्याकडं आहेत. त्या दिवशी व्यासपीठावर माझ्या फाइलीत होती, तुझ्या माफीपत्राच्या खाली. बाईंनी तुला विचारलं तेव्हा मी ती बाहेर काढली होती. तू हो म्हणाला असतास तर तिथल्या तिथं त्यांच्या हातात दिली असती. तू न्हाय म्हणालास. मग मी कुणाचं म्हणून दाखवणार होतो? तुझं जूनचं पत्र दाखवावं तर ते तू सहीनिशी मागं घेतलंयस.

तुला पाहिजे असतील तर उद्या पाठवतो. बदल्यात एकच ओळ लिहून दे: 'ही पानं मी लिहिली आणि २००३ साली उदयसिंहाला पाठवली.' ती मी चार माणसांना दाखवेन. मी चोर आहे, हे मी मान्य करतो. पण मी गरिबावर आळ घेतला असं लोक म्हणतात, ते मला सोसत नाही. मुलगी बोलत नाही माझ्याशी.

अक्षर फार सुंदर होतं रे तुझं तेव्हा. काल पुन्हा वाचलं. त्या वेळी पण सगळं वाचलं होतं, शेवटच्या मराठी शब्दांपर्यंत. वाचून झाल्यावरच पोस्टकार्ड घेतलं.

उदय


वारणानगर, ५ ऑक्टोबर २०२५

चि. साक्षी, सप्रेम जयभीम.

उदयसिंहाचं पत्र आलंय, झेरॉक्स सोबत. वाच आणि कुणाला दाखवू नकोस.

त्याला जी ओळ हवी आहे ती मी आज सकाळी चार वेळा लिहिली. कोरा कागद घेतला, समास आखला. पहिल्यांदा अक्षर वाकडं आलं. चौथ्यांदा अक्षर बरं आलं, २००३ सारखं. नऊ पानं. एकशे बारा शब्द. त्यातले साठ-सत्तरच मला आता आठवतात. मापं तर परत घेता येणार नाहीत, कारण मध्ये आणखी दोन दात गेले. ती पानं आली असती तर तुझ्या मॅडमना कागद मिळाला असता, तारखेसकट. मला हे सगळं समजतं. तू परत समजावू नकोस.

पण ती ओळ खरी आहे, हीच तिची अडचण. ती लिहिली की उदयसिंह व्यासपीठावर खरं बोलला असं होतं. मग खोटा कोण? तिसऱ्या रांगेतला फिटर. त्याच्या मुलीला ती ओळ दाखवली की ती त्याच्याशी बोलायला लागेल. बोलू नये तिनं. मी पण तीन वर्षं डबा एकट्यानं खाल्लाय.

चारही कागद चुलीत घातले आणि त्याला दोन ओळी लिहिल्या: 'आपण म्हणता ती पानं माझी नाहीत. आपण ती ठेवावीत किंवा टाकावीत, माझी हरकत नाही.' दुपारी पोस्टात टाकून आलो.

मॅडमना सांग, तुझ्या मामाचं नाव कांबळे आहे खरं, पण आमच्यात कांबळे पुष्कळ आहेत. टापटीप, ठाकठीक तू लहानपणी कुणाकडून तरी ऐकलंस, कुणाकडून ते आठवत नाही. लेख तुझ्या नावावर लिही. लिहिलास तर मला पाठव. वाचेन.

आता शेवटचं. जूनपासून मी तुला लिहिलेली पत्रं, सोबतच्या झेरॉक्ससकट, परत पाठव. तुझ्या मॅडम चांगल्या आहेत आणि तू हळवी आहेस. दोघी मिळून एखाद्या दिवशी मला खरा ठरवाल, आणि माझ्यासोबत त्यालाही. पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट आत ठेवलंय. हे धरून पत्रं पाच आहेत. मोजून घाल.

तुझा मामा